आमची काही हरकत नाही, पण

निगडी
४ फेब्रुवारी, मंगळवार

चि. सौ. गोजा हीस,

थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद. हितं आमी समदी खुशाल हाओत. तू बी खुशाल असशील असं मी धरून चालते, कारण तू काय सांगत न्हाईस. फोन केला की उचलतीस, माझं 'गोजे' एवढं ऐकतीस आन ठेवून देतीस. महिना झाला. म्हणून लिहायला बसले. फोन ठेवता येतो, कागद ठेवला तरी तिथंच पडून ऱ्हातो.

तुझा जयदीप काल फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर हितं डोकावला. चहा पिला, दोन चपात्या खाल्ल्या. त्याला म्हणलं, आईला चिठ्ठी देशील का रं? तर म्हणला, "मावशे, मी पोस्टमन हाय, वकील न्हाई. देईन. वाचायचं का चुलीत घालायचं, ते तिचं ती बघंल." चाळिशी उलटली त्याची, कानाजवळ केस पिकले, पण बोलणं अजून हिंदुराव भावजींसारखं. भावजींचा दमा कसा हाय? थंडीत त्यांना ओसरीवर झोपू देऊ नकोस. आन तुझा डोळा? थेंब येळेवर घालतीस का? मोतीबिंदू काढलेला डोळा म्हणजे बाळंतिणीसारखा, त्याला धूर न्हाई, धूळ न्हाई, रडणं न्हाई.

माझं म्हणशील तर गुडघा. बाकी दुखणं असं न्हाई, पण दमायला होतं. काम न करता दमायला होतं. पूर्वी दिवसभर भात लावून आपण सांजेला भाकरी थापायचो आन वर जात्यावर बसायचो, तवा न्हाई दमले एवढी.

हितं तर कचरा टाकायचा म्हणजे बी शाळा हाय. तीन डबे. हिरव्यात ओला, निळ्यात सुका, आन तिसरा काळा, त्यात काय ते मला ध्येनात ऱ्हात न्हाई. परवा चहाचा चोथा निळ्यात गेला माझ्या हातनं. सूनबाईनं काय म्हणावं? "आत्या, घंटागाडीवाली बाई डबा माघारी देईल हो, सगळ्या सोसायटीत नाव जाईल." मी म्हणलं, पूनम, मला मेल्यावर कुठल्या डब्यात टाकायचं तेवढं आधीच ठरवून ठेव. तर हसायचं सोडून रुसली. सुजित म्हणला, "आई, तू पण ना." माझा ल्योक कायम एवढंच म्हणतो, 'तू पण ना'. पुढचं वाक्य त्याच्या बायकोकडं असतं.

आपल्याकडं कुठं होते डबे. परसात उकिरडा. शेण, राख, पाचोळा, उष्टं-खरकटं, समदं एका ठायी, आन उन्हाळ्यात गाडी भरून वावरात. हे वर्षालीला सांगितलं तर म्हणती, "आज्जी, आम्ही त्यालाच कंपोस्ट म्हणतो. तुझ्या उकिरड्यावर छप्पर घातलं की आमचा प्रकल्प झाला." उकिरड्याचे पांग बारा वर्षांनी फिटत्यात म्हणायची आई. फिटले बघ. त्याला छप्पर आलं, वर इंजिनीयर आली.

गोजे, तू रागावली असलीस तरी हे ऐकच. आपली वर्षाली सकाळी निघती ना, पायात ते जाड बूट, डोक्यावर पिवळं टोपडं, काखेत नकाशाची गुंडाळी. सोसायटीतल्या बाया गॅलरीतनं बघत्यात. माझी नात! ज्या घरात मला नाव लिहायला पन्नाशी उजाडली, आन ते बी तू शिकवलंस म्हणून, त्या घरातली पोर दहा गावांचा आराखडा काढती. कुठली कंपनी, कुठलं हापिस, ते मला नीट सांगता येत न्हाई. तिची कंपनी सरकारला आराखडा करून देती, एवढं कळतं. कुठला कचरा कुठं जायचा, गाडी कुठनं वळायची, शेड केवढी, खताचे हौद किती. परवा तिनं मला लॅपटॉपवर एक दाखवलं. माझं अक्षर! आपल्या अर्जाचा फोटो. म्हणली, "आज्जी, हे प्रेझेंटेशनमध्ये भिंतीएवढं दिसतं. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, हे कुणाचं अक्षर? मी म्हटलं, माझ्या आज्जीचं." गोजे, मला लई आनंद झाला. खोटं कशाला सांगू. आधी आनंद झाला.

मंग तिनं खाली काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. 'स्थानिक महिलांचा पाठिंबा.'

आता अर्जाचं बोलते. मी टाळत न्हाई.

तुला आठवतं, मार्गशीर्षात मी तिकडं होते. पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला, की दहा गावांचा कचरा निवडायची शेड आपल्या गायरानावर होणार, कुणाची हरकत असंल त्यानं तीस दिवसांत लेखी द्यावी. गायरान म्हणजे तुझ्या दारापासनं शंभर पावलं. तुझ्या ओसरीवर तू-मी धरून एकतीस बाया जमल्या. तुझ्या डोळ्यावर ती हिरवी पट्टी. गडीमाणसांचा अर्ज गेला की त्यात राजकारण शिरतं, म्हणून बायांचा अर्ज बाईच्याच हातचा पायजे, असं तूच म्हणलीस. आन म्हणलीस, "आक्का लिहील. आक्काचं अक्षर माझ्याच हाताखालचं हाय."

मी लिहिलं, तुमाला वाचून दाखवलं, समद्यांनी माना हलवल्या. आठवतं का काय लिहिलं होतं? मी पाठ म्हणू शकते. 'माननीय साहेब यांना नमस्कार. आमची काही हरकत नाही, पण हे आमच्या दारापासून शंभर पावलांवर होऊ नये. विहीर जवळ आहे. हिंदुराव यांना दमा आहे. पावसाळ्यात गायरानाचं पाणी आमच्याकडे उतरतं. तरी कृपा करून दुसरीकडे बघावे. चूकभूल द्यावी घ्यावी.' खाली एकतीस जणी. वीस सह्या, अकरा अंगठे.

यात वावगं काय हाय? आपण असंच बोलतो. दारात आलेल्याला आधी न्हाई म्हणू नये, हे आईनं आपल्याला शिकवलं. कुणी म्हणलं बसू का, काय हरकत न्हाई. कुणी म्हणलं तुमची कढई नेऊ का, काय हरकत न्हाई, पण सांजच्याला आणून द्या. आता मोठ्या सायबाला अर्ज करायचा तर पहिल्या ओळीतच त्याच्या अंगावर जायचं का? अर्ज म्हणजे विनंती. विनंतीत आडमुठेपणा बरा दिसत न्हाई.

तर हापिसात काय केलं, आलेल्या अर्जांचे दोन ढीग केले. हरकत हाय, तो एकीकडं. हरकत न्हाई, तो एकीकडं. कचऱ्यासारखंच. आन आपला अर्ज चुकीच्या डब्यात गेला. वाचणाऱ्यानं पहिली ओळ वाचली, 'पण'च्या अलीकडं थांबला. मंग पंचायतीवर यादी लागली, की एकतीस महिलांची हरकत नाही. तू ती यादी एका डोळ्यानं वाचलीस आन त्या दिवसापासनं माझ्याशी बोलायची थांबलीस.

चूक वाचणाऱ्याची हाय, गोजे. लिहिणारीची न्हाई.

२१ तारखेला शाळेच्या हॉलमधी सुनावणी हाय म्हणं. मला यायला जमंलसं वाटत न्हाई, बसच्या पायऱ्या चढवत न्हाईत. तू सांग तिथं, की आक्काच्या लिहिण्याचा अर्थ तसा नव्हता. तू सांगितलंस तर ऐकत्यात लोक.

हरभरा सोलायला आला असंल ना? जयदीपसंगं मूठभर धाडलास तर गोड मानून घेईन.

तुझी आक्का

॰

निगडी
१३ फेब्रुवारी, गुरुवार

गोजे,

आशीर्वाद.

हरभरा आला न्हाई, निरोप आला. जयदीप बूट न काढता दारातच उभा ऱ्हायला. म्हणला, "आईनं वाचली. दोनदा वाचली. तिनं एवढंच विचारलंय, की ग्रामसेवकानं तुमाला तोंडानं विचारलं, तवा तुमी काय बोललात?" असं म्हणून गेला. चहाला थांबला न्हाई.

मी सोफ्यावर टेकले. पूनम म्हणली, "आत्या, टीव्ही लावू का?" म्हणलं लाव. काय लागलं होतं ते आता सांगता यायचं न्हाई.

तुला कुणी सांगितलं ते विचारत न्हाई. तिथं पंचायतीचा शिपाई होता, त्याची बायको तुझ्याकडं दळण टाकायला येती. गावात भिंतीला कान असायची गरजच न्हाई.

काल दिवसभर मी दुसरंच करत बसले. लसूण सोलला. पूनमच्या साडीला फॉल लावला, उलटा लागला, उसवला. पत्राची सुरवात तीनदा केली. एकदा तुला तळवड्याच्या आत्याच्या नातीचं लग्न ठरल्याचं सगळं लिहून काढलं, मुलगा काय करतो, मानपान काय, आन मंग तो कागद फाडला. निळ्या डब्यात टाकला. कागद सुका असतो, एवढं कळायला लागलंय.

तर ऐक. जसं झालं तसं लिहिते.

तुमी सह्या केल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटी अर्ज घेऊन पंचायतीत गेले. तुझ्या डोळ्यात थेंब घातले होते, म्हणून तू आली न्हाईस. आत गेले तर भिंतीवर नकाशा लावायचं चाललेलं. खुर्चीवर चढून, टाचा वर करून, तोंडात टाचण्या धरून वर्षाली. मला ठावं नव्हतं ती त्या दिवशी येणार हाय. मला बघून टाचण्या हातात घेतल्या आन म्हणली, "आज्जी! तू इथं?" तिचा सायब शेजारी उभा. तिनं त्याला सांगितलं, "सर, माझी आज्जी." लाजली पण. आन मी पदर सावरून उभी, कागद हातात.

ग्रामसेवकानं कागद घेतला. पहिली ओळ वाचली. मंग चष्म्यावरनं माझ्याकडं बघून म्हणला, "आजी, म्हणजे तुमची बायकांची हरकत नाही, असंच ना?"

गोजे, मला त्या घडीला कळलं.

मी अडाणी असंन, पण मला कळलं, की हा शब्द हितं आपल्या ओसरीवरचा शब्द न्हाई. हितं त्याचं वजन निराळं हाय. आन मी 'पण' म्हणायला तोंड उघडलं, आन वर्षालीकडं बघितलं. तिचं तोंड असं उजळलं होतं. तिला वाटलं, आज्जीनं गावातल्या बायांची समजूत घातली. माझ्यासाठी घातली.

तुला ठावं न्हाई, कारण मी कुणालाच सांगितलं न्हाई. ही पोर इंजिनीयर होऊन चौदा महिने घरात बसून होती. रोज कुठं कुठं जायची, यायची. मंग जायची पण थांबली. भिंतीकडं तोंड करून झोपायची. ताटावर बसायची, भात चिवडायची, उठायची. सुजित ओरडायचा, पूनम रडायची. मी तिच्या पायाला तेल लावत बसायचे, दुसरं काय येतं मला. एकदा म्हणली, "आज्जी, मी पण सुकाच कचरा आहे ना, ठेवला तरी कुजत नाही आणि कुणाला लागत पण नाही." असं बोलली होती ती. आन त्या दिवशी खुर्चीवर चढून हसत होती.

मी ग्रामसेवकाला म्हणले, "व्हय बाबा. न्हाई हरकत."

कागदावर 'पण' होता. तोंडानं मी तो बोलले न्हाई. त्यानं वहीत लिहिलं, माझी सही घेतली. सही करताना हात कापला न्हाई, हे मला आता लई लागतं.

आन अजून एक हाय, ते लिहायचं का न्हाई, चार दिस ठरत नव्हतं. घरी येताना मी वाटेत ओढ्यावर टेकले. मनात म्हणलं, गोजा सोसंल. तिचा नवरा जागेवर हाय, ल्योक जवळ हाय, तिला सवय हाय. लहानपणी आपल्याला एकच चपलांचा जोड आणला तर तो मी घातला, तू अनवाणी. एकाच घरात दोघी दिल्या, तिथं सासूनं दोघींत एकीला माहेरी धाडायचं म्हणलं तर मी गेले, तू तिची लुगडी धुवत बसलीस. कुणी सांगितलं नव्हतं तसं. तूच म्हणायचीस, जा आक्का, माझं काय. ते तुझं 'माझं काय' मी आयुष्यभर खरं धरलं. तुझ्या दारात दहा गावांचा वास येणार, हिंदुराव भावजींच्या छातीत जाणार, आन मी निगडीत चवथ्या मजल्यावर. माझ्या डब्यातला चोथा बी तुझ्यासारख्या कुणाच्या तरी दारातच जात असंल. तरी मी व्हय म्हणले.

वर्षालीला ह्यातलं काय ठावं न्हाई. रोज सांगायचं म्हणते आन ती पिवळं टोपडं घालून दारात उभी ऱ्हाती, म्हणती, "आज्जी, येते गं."

२१ तारखेचं मी काय करीन, ते आज लिहीत न्हाई. लिहिलं की तसं करावं लागंल, आन सध्या माझा माझ्यावर भरवसा न्हाई.

उत्तर धाडू नकोस. मला झेपायचं न्हाई.

सुभद्रा

॰

निगडी
२३ फेब्रुवारी, रविवार

गोजास, आक्काचा आशीर्वाद. भावजींना नमस्कार.

परवा शाळेच्या हॉलमधी तू तिसऱ्या ओळीत होतीस. हिरवं लुगडं. पट्टी निघाली डोळ्याची, बरं वाटलं. तू माझ्याकडं बघितलं न्हाईस, मी बघितलं. तू तिथं होतीस म्हणून झालेलं तुला सांगायचं कारण न्हाई, पण मला ते एकदा लिहून काढायचंय. माझं मीच वाचीन.

आदल्या सांजेला वर्षालीला समदं सांगितलं. ती कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवली, हात धुतले, पुसले. लई येळ पुसले. मंग म्हणली, "तुला जे खरं वाटतं ते बोल. पण मी तुला हाताला धरून आत नेणार नाही." न्हाई नेलं. सुजितनं गाडीनं फाटकापर्यंत सोडलं, तिथनं मी काठी टेकत आले.

आन पडद्यावर काय, तर माझं अक्षर. खरंच भिंतीएवढं. 'हरकत'मधला 'ह' केवढा मोठा, शेपटी फरशीला लागली होती. सुनावणी घेणारा सरकारी सायब चांगला होता गं. आवाज चढवला न्हाई त्यानं. "आजी, हे तुमचंच अक्षर ना? यात तर पहिल्याच ओळीत..."

मला काय सुचलं कुणास ठावं. म्हणले, "सायब, तुमी माझ्या दारात आलात आन म्हणलात, बसू का? तर मी म्हणंन, काय हरकत न्हाई. म्हणून तुमी खाट टाकून कायमचं ऱ्हायला येणार का?"

हसले लोक. सायब बी हसला. एक टोपीवाला मागनं वरडला, "म्हातारे, सायबांना जेवण पण सांग!" तिथं थांबले असते तर मी गावात शहाणी ठरले असते. समद्यांना वाटलं असतं, हापिसाची चूक, म्हातारी भोळी. तू बी कदाचित तेवढ्यावर मला सोडलं असतंस.

म्हणून पुढचं बोलले. म्हणले, "सायब, तुमच्या माणसानं मला तोंडानं विचारलं होतं. तवा मला अर्थ कळला होता. तरी मी व्हय म्हणले. नातीसाठी म्हणले. बाकीच्या तीस जणींना ते ठावं न्हाई. त्यांची हरकत हाय, आन माझी बी हाय. लिहून घ्या."

वर्षाली लॅपटॉपपाशी उभी होती, तिनं मान खाली घातली. सायबानं तिला विचारलं, "ही तुमची आजी आहे, हे अहवालात कुठं लिहिलंय?" ती म्हणली, "नाही लिहिलं, सर." एवढंच. तिनं माझ्यावर ढकललं न्हाई, कुणावर ढकललं न्हाई. मला त्या वक्ताला बी तिचा अभिमान वाटला, आन मी मेले तर बरं असं बी वाटलं. दोन्ही एकदम वाटतं गं, मला ठावं नव्हतं.

मंग सायबानं सांगितलं, की गायरानाच्या जागेचा फेरविचार करतो, आराखड्यात दुसरी जागा हाय, ओढ्याच्या पलीकडं, तिची पाहणी करू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू बी वाजवल्यास.

आता तुला न दिसलेलं सांगते.

टाळ्या चालू होत्या तवा मागच्या भिंतीला पाच-सहा बाया उभ्या होत्या, त्या वाजवत नव्हत्या. हॉल सुटल्यावर मी वडाखाली सुजितची वाट बघत बसले, तर त्यातली एक आली. कस्तुरा नाव तिचं. हिंगोलीकडची. नवरा चाकणच्या कंपनीत कंत्राटावर, ही एका कॅन्टीनमधी भांडी घासती. ओढ्यापलीकडं त्या पत्र्याच्या खोल्या हायत ना भाड्याच्या, तिथं ऱ्हाती. म्हणली, "मावशी, तुमाला लिव्हता येतंय म्हणं. आमचं बी लिहून द्या की वो. आता ते आमच्या दारात येणार म्हणत्यात. आमी इचारलं तर पंचायतीतले म्हणले, तुमचं नाव गावच्या यादीत नाही, तुमची हरकत कशी घ्यावी."

मी म्हणले, बघते. आपलं नेहमीचं 'बघते'. तर ती म्हणली, "बघू नगा वो मावशी. लिव्हा."

घरी आले. वर्षालीला ह्या कामावरनं काढलं. नोकरी गेली न्हाई अजून, पण आता लांबच्या मोजणीवर धाडणार हायत, उन्हातानात, फिती धरायला. आज सकाळी ती चार शब्द बोलली. चिडून न्हाई, दमल्यासारखं. म्हणली, "आज्जी, गायरान नको, ओढा नको, निगडी तर नकोच. मग टाकायचा कुठं? रोज निघतो तो. तू सांग, मी नकाशात काढते." मी तिला म्हणले, शेड लहान कर, दहा गावांची एक नको, ज्या गावचा त्या गावात. ती म्हणली, "तेच पहिल्यांदा सुचवलं होतं मी. प्रत्येक गावानं हरकत घेतली." मंग तिनं माझ्या गुडघ्याला तेल लावून दिलं.

गोजे, मी दमले. खरंच दमले. मला वाटलं होतं, खरं बोललं की अंग हलकं होतं, झोप लागती. तसं काय झालं न्हाई. तुझं दार वाचलं, माझ्या नातीचं काम गेलं, आन कस्तुराच्या दारात खडूनं रेघ मारून ठेवली. हे असं वाटून दिलं मी.

म्हणून हे लिहिते. कस्तुराचा अर्ज मी आज लिहून काढलाय. पहिल्याच ओळीत 'आमची हरकत आहे' असं लिहिलंय, नमस्कार मागनं घातला. तिच्या लोकांची नावं यादीत न्हाईत, म्हणून खाली गाववाल्यांच्या सह्या लागतील. त्या तीस बाया माझ्या म्हणण्यानं आता यायच्या न्हाईत, का याव्यात? तुझ्या म्हणण्यानं येतील.

ओढ्याची जागा बी रद्द झाली, तर फिरून गायरानच निघंल, हे मला कळतं. तुला माझ्या आधी कळलं असंल. तवा मी हे तुझ्याकडं कोणत्या तोंडानं मागते, ते मलाच ठावं न्हाई. तुझ्या दारावर आलेलं एकदा टळलंय, ते परत तुझ्याच हातानं बोलवून घे, असंच हे झालं. न्हाई म्हणलीस तर मी एक शब्द बोलायची न्हाई. ह्या खेपेला 'माझं काय' म्हणू नकोस. तुझं काय, ते नीट बघ, भावजींना विचार, मंग ठरव.

ही चिठ्ठी आज जयदीप घेऊन येतोय, मी उद्या सोमवारी सकाळच्या बसनं येते. पायऱ्या चढंन कशीबशी. आधी तुझ्याकडं येणार, मंग ओढ्यापलीकडं. पहिली सही मी केलीय. तिच्या खालची ओळ मोकळी ठेवलीय. तिथं दुसऱ्या कुणाला करू देणार न्हाई. तू केली न्हाईस, तर ती तशीच मोकळी ठेवून अर्ज देईन.

तुझी थोरली,
सुभद्रा